जमिनीवर, हवेत आणि समुद्रात

१० मे २०२५ च्या संध्याकाळी देवगडजवळच्या आमच्या घराच्या खळ्यात आम्ही हंगामातल्या शेवटच्या हापूसच्या पेट्या भरत होतो. ओटीवरच्या टीव्हीवर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री आले आणि त्यांनी अगदी मोजक्या वाक्यांत सांगितले, की पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी आपल्या महासंचालकांना दूरध्वनी केला होता, आणि संध्याकाळी पाचपासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात सगळा गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवण्याचे दोन्ही बाजूंनी मान्य केले आहे. शेजारच्या काकी आंबे पुसता पुसता थांबल्या. त्यांचा धाकटा मुलगा नौदलात आहे आणि गेले कित्येक दिवस त्याचा फोन लागत नव्हता. निवेदन त्यांनीही ऐकले होते, तरीही त्यांनी मला विचारले, "झिला, दर्यातलां? तांय थांबलां मां?"

होय, असे मी म्हणालो. पण त्या प्रश्नामुळे ते निवेदन मी नंतर कितीतरी वेळा वाचले.

घडलेला क्रम सर्वांना ठाऊक आहे. २२ एप्रिलला पहलगामच्या बैसरन पठारावर २६ जणांची हत्या झाली. त्यांतले सहा जण महाराष्ट्रातले होते, तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे आणि एक पनवेलचे. ७ मेच्या पहाटे एक वाजून पाच मिनिटांपासून दीडपर्यंत, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटांत, बहावलपूर आणि मुरीदकेसह नऊ ठिकाणच्या दहशतवादी तळांवर भारताने मारा केला. पुढचे तीन दिवस ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि नियंत्रण रेषेवरच्या तोफा चालू राहिल्या. पूंछमध्ये घरांवर तोफगोळे पडून सामान्य माणसे गेली, आणि विजयाच्या गोष्टी सांगताना त्यांची आठवण फार कमी जण काढतात याचे मला मनापासून वाईट वाटते. १० मेच्या पहाटे नूरखानसह पाकिस्तानच्या अनेक हवाई तळांवर भारताने प्रहार केला आणि त्याच दुपारी तो दूरध्वनी आला.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी याला शस्त्रसंधी म्हटले. मला तो शब्द इथे नेमका वाटत नाही. संधी म्हटले की कलमे आली, सह्या आल्या, मुदत आली. १९४९ मध्ये कराचीत युद्धविराम रेषेचा करार झाला तेव्हा ती रेषा शब्दांत आणि नकाशावर निश्चित केली गेली होती, आणि १९७२ च्या सिमला करारावर दोन्ही देशांच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. या वेळी दोन सेनाधिकाऱ्यांमध्ये फोनवर झालेली समजूत एवढेच हाती होते. त्याच रात्री जम्मू आणि श्रीनगरच्या आकाशात पुन्हा ड्रोन दिसले, तेव्हा ती समजूत किती नाजूक आहे हे कळले. १२ मेच्या संध्याकाळी दोन्ही महासंचालक पुन्हा बोलले आणि एकही गोळी न झाडण्याचे ठरले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी मध्यस्थीचे श्रेय घेतले, ते भारताने नाकारले; त्या वादात मला फारसा रस नाही. इतक्या कडवटपणानंतरही ती फोनची वाट चालू होती, हे मला त्याहून कितीतरी महत्त्वाचे वाटते.

समुद्राबद्दल ११ मेला कळले. व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी पत्रकार परिषदेत सांगितले, की विमानवाहू नौकेसह आपला ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे जाऊन उभा होता, आणि कराचीसह समुद्रातल्या व किनाऱ्यावरच्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या तयारीत होता. तो हुकूम आला नाही. आम्ही पेट्या भरत होतो तेव्हा काकींचा मुलगा कुठे होता, याचा अंदाज आम्हाला हे ऐकल्यावर आला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. काकींनी त्याला जेवणाखेरीज काहीही विचारले नाही.

या दर्याची दुसरी एक बाजू अजून मिटलेली नाही. पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. पाण्यावर रेषा दिसत नाही आणि बोट पकडली गेली की वर्षानुवर्षे तुरुंगात काढावी लागतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै २०२५ लाही, तोफा थांबून दोन महिनेही झाले नसताना, त्या याद्या दिल्या-घेतल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत भारतीय असलेल्या किंवा तसे मानल्या जाणाऱ्या १९३ मच्छीमारांची नावे होती. आमच्याकडे तेव्हा मासेमारी बंदीचा काळ चालू होता आणि सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या होत्या.