बर्फातला कॅम्पर आणि बाहेरचा शॉवर

कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेऊन निघण्यापूर्वी वर्कशॉपवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पाण्याची सगळी लाइन हिवाळ्यासाठी तयार आहे, बिनधास्त जा." बिलात अँटीफ्रीझही लावलं होतं, म्हणजे पाइप गोठून फुटू नयेत म्हणून त्यात भरायचा गुलाबी द्रव. वर पोहोचलो त्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला. गोठलेला पाइप लगेच बोलत नाही. दुपारी ऊन लागलं, बर्फ वितळला आणि कपाटातून पाणी टपकू लागलं. बाहेरच्या शॉवरमागचा प्लास्टिकचा एल्बो, म्हणजे पाइपचा वळणाचा जोड, उभा चिरला होता. गळणारं पाणी नितळ, गुलाबी छटा नावालाही नाही. म्हणजे तिथे अँटीफ्रीझ पोहोचलंच नव्हतं!

मागून जाणाऱ्यांनो, काम आपल्यासमोर करून घ्या. टाक्या रिकाम्या करणं पुरेसं नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंपात, पाइपच्या खोलगट भागात राहिलेलं थोडं पाणीही घात करतं. पाण्याचा हीटर बंद करून थंड होऊ द्या, प्रेशर सोडा, मगच त्याचा पाणी काढायचा प्लग काढा. पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज काढा. हीटर बायपास करा, म्हणजे लाइनमधून वगळा, नाहीतर कॅनच्या कॅन त्यातच जिरतील. मग पंपाची नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडून एकेक नळ उघडा, गार आणि गरम दोन्ही, गडद गुलाबी येईपर्यंत. फिकट गुलाबी चालणार नाही. टॉयलेटचा फ्लशही विसरू नका. सिंक आणि शॉवरच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात, कपभर ओता. बाहेरून पाणी जोडायच्या तोंडाशी चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असतो, तिथेही पाणी अडकतं. पंप बंद करून, प्रेशर सोडून तो दाबा आणि गुलाबी येतंय का पाहा.

अँटीफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचंच हवं. इंजिनातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, पाण्याच्या लाइनमध्ये अजिबात नको. बाटलीवरचा उणे ५० हा आकडा बहुधा फॅरेनहाइटमधला, म्हणजे सुमारे उणे ४६ सेल्सिअस, आणि तोही पाइप फुटण्याच्या मर्यादेचा. द्रव त्याच्या खूप आधीच चिखलासारखा घट्ट होतो. लाइनमध्ये उरलेलं पाणी मिसळलं की तेवढंही संरक्षण राहत नाही.

पैसे देण्याआधी बाहेरचा शॉवर स्वतः उघडा. बिलात अँटीफ्रीझ आहे आणि शॉवरमधून गुलाबी येत नाही, तर गाडी तिथून हलवू नका.