बसनं जाणाऱ्या लेकीचा कुर्ता

"ताई, पोरगी आता रोज बसनं कॉलेजला जाणार. त्रास होणार नाही असं कायतरी शिवा की."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या शिवणाच्या दुकानात जून आला की हे हमखास ऐकू येतं. आयांच्या मनात असतो बंद गळा, लांब बाही, ढगळ ड्रेस. असं विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी हेच सांगते. तसा ड्रेस मी शिवून देईन, पण त्याच्या भरवशावर लेकीला बसमध्ये चढवू नका.

सतरा वर्षांची असताना गर्दीच्या बसमध्ये माझ्या कमरेवर हात आला. अंगात पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस होता, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. घरी येऊन तो ड्रेस मी ट्रंकेच्या तळाशी घातला. कुणाला काही बोलले नाही. पुढे बेंगळुरूच्या ब्लँक नॉइज या छेडछाडीविरुद्धच्या उपक्रमाबद्दल वाचलं. जस्मीन पथेजा यांनी २००३ साली ते सुरू केलं. छेड काढली गेली तेव्हा अंगावर जे कपडे होते, ते बायका तिथे देतात, लपवत नाहीत. त्या दिवशी मी ट्रंक उघडली.

कापडानं हात अडत नाही. पण मुलीचे हात मोकळे राहतील एवढं माझ्या कात्रीला जमतं. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो भाग, घट्ट असला की दांडीला धरताना कुर्ता वर चढतो, मग दुसरा हात तो खाली ओढण्यात गुंततो. म्हणून काखेत चौकोनी तुकडा जोडते. दोन्ही बाजूंना मोबाइल मावेल असा खोल खिसा, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. आणि बाहीच्या आत सेफ्टी पिन अडकवायला एक छोटा लूप. माझी आजी पिन बांगडीत अडकवायची, बाजाराला जातानाही. न्यूयॉर्कमध्ये १९०३ साली लिओटी ब्लेकर या तरुणीनं घोडागाडीत लगट करणाऱ्या माणसाच्या दंडात टोपीची पिन, म्हणजे टोपी केसांत अडकवायची लांब पिन, खुपसली होती. पुढे १९१० मध्ये शिकागोत टोपीबाहेर पिन किती यावी यावरच नियम झाला. पुरुषांच्या हातांचं माप मात्र कुणी घेतलं नाही, याचा मला आजही राग येतो.

ट्रायलला मी मुलीला आरशासमोर हात वर करायला लावते आणि मोठ्यानं म्हणायला सांगते, "ओ, हात काढा!" पहिल्यांदा आवाज फुटतच नाही. परवा एकीचा फुटला, तेव्हा तिची आई स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "अजून एकदा म्हण."