इथला कायदा कुत्र्याची उंची मोजतो

शेजारच्या बाई कमरेच्या शस्त्रक्रियेसाठी हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि त्यांच्या बेलाला कुठे ठेवायचं या काळजीने त्यांच्या मुलीची झोप उडाली. बेला एक्सएल बुली आहे. पिटबुलच्याच कुळातली, पण अंगाने त्याहून भरलेली, रुंद डोक्याची. इंग्लंडमध्ये असा कुत्रा आता खास प्रमाणपत्राशिवाय पाळता येत नाही. प्रमाणपत्राची एक अट अशी की ज्याच्या नावावर कुत्रा, त्याच्याच पत्त्यावर तो राहिला पाहिजे. दुसरीकडे ठेवायचा तर बारा महिन्यांत जास्तीत जास्त 30 दिवस. विकणं तर सोडाच, कोणाला प्रेमाने देऊन टाकणंही गुन्हा. बाईंना बरं व्हायला वेळ लागला तर पुढे काय, हे मुलगी मला फाटकाशी उभी राहून विचारत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या नियमामागचं कारण खोटं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये बर्मिंगहॅममध्ये 11 वर्षांच्या एका मुलीवर हल्ला झाला. काही दिवसांतच स्टॅफर्डशायरमध्ये दोन कुत्र्यांनी एका माणसाचा जीव घेतला आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बंदी जाहीर केली. 31 डिसेंबर 2023 पासून विक्री आणि पैदास बंद झाली, 1 फेब्रुवारी 2024 पासून प्रमाणपत्र सक्तीचं झालं. फी 92 पौंड 40 पेन्स. त्याशिवाय नसबंदी, मायक्रोचिप, विमा, आणि घराबाहेर पट्टा व तोंडाला जाळी. मूळ पिटबुलवर तर इथे 1991 पासूनच बंदी आहे.

मला खटकतं ते मोजमाप. कुत्रा या प्रकारात बसतो का, हे त्याच्या स्वभावावरून ठरत नाही आणि डीएनएवरूनही नाही. नर खांद्यापाशी 51 सेंटिमीटरपासून वर, मादी 48 पासून वर, डोकं मोठं, जबडा चौकोनी, छाती रुंद, असं बघत जायचं. एकाच वेतातली दोन पिल्लं, एक उंच निघालं तर त्याला जन्मभर जाळी, दुसरं बागेत मोकळं. आणि ज्या माणसाने पिल्लाला साखळीला बांधून, चिडवून, उपाशी ठेवून वाढवलं, त्याची उंची कोणी मोजत नाही. बंदी आल्यावर प्राण्यांच्या आश्रयगृहांत अडकलेल्या एक्सएल बुलींना नवीन घरी देण्याची वाटच बंद झाली. चांगल्या स्वभावाच्या कुत्र्यांनाही मरणाचं इंजेक्शन द्यावं लागलं. आरएसपीसीए, डॉग्ज ट्रस्ट, केनेल क्लब या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या इथल्या संस्था जातीवरून बंदी घालण्याच्या विरोधात आहेत आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

मग पिटबुल बदनाम आहे तितका वाईट असतो का? मी यावर बरंच वाचलं. 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. 18 हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासले होते. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला जेमतेम 9 टक्के भाग जातीवरून कळतो, असं त्यातून दिसलं. ‘जबडा एकदा मिटला की कुलूप लागतं’ हेही खोटं; तसं कुलूप कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात नसतं. अमेरिकेत 2007 मध्ये मायकेल विक या फुटबॉलपटूच्या जागेवरून झुंजीसाठी पाळलेले सुमारे 50 पिटबुल जप्त झाले. त्यांतल्या बहुतेकांना वाचवण्यात आलं आणि काही पुढे साध्या घरांत, मुलाबाळांत राहिले. नेदरलँड्सने 1993 मध्ये घातलेली बंदी 2008 मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेतल्या 1979 ते 1998 या काळातल्या जीवघेण्या हल्ल्यांच्या अभ्यासात, जिथे जात कळली होती, तिथे निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये पिटबुलसारखे कुत्रे आणि रॉटवायलर होते. एकूण पिटबुल किती हेच ठाऊक नसल्यामुळे त्यावरून जातीचा धोका काढू नका, असं त्याच संशोधकांनी बजावलंही होतं. तरीही या कुत्र्याचे पूर्वज बैलाशी आणि इतर कुत्र्यांशी झुंजवण्यासाठी तयार केले गेले, ब्रिटनने 1835 मध्ये असल्या झुंजींवर कायद्याने बंदी घालेपर्यंत आणि चोरून त्यानंतरही. धरलं की न सोडणं, दुखलं तरी मागे न हटणं, हे पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं आहे. लहान कुत्रा चावला तर टाके पडतात. पन्नास किलोचा चावला तर त्याला सोडवायला एकटा माणूस पुरत नाही. बेलावर माझा जीव असूनही माझ्या मुलाला मी तिच्याजवळ एकटं सोडत नाही. त्यात तिचा अपमान नाही, असं मी स्वतःला सांगते.

जाळीबद्दल मात्र माझं मत पूर्ण बदललं. तिकडे भारतात बैलाला मुसकं बांधतात ते मी लहानपणापासून पाहिलंय, पण कुत्र्याच्या तोंडाला ते बघून पहिल्यांदा पोटात कालवलं. मग बाईंनी तिला सवय कशी लावली ते पाहिलं. जाळीच्या आतल्या बाजूला बोटभर पीनट बटर लावायचं, बेला आपणहून नाक आत घालायची, चाटून झालं की लगेच काढायची. कित्येक दिवस पट्टा बांधलाच नाही. जाळी ऐसपैस, त्यातून ती धापा टाकते, पाणीही पिते. आता कोणी जाळी हातात घेतली की बेला दाराकडे धावते, कारण जाळी म्हणजे फिरायला जाणं. पोस्टमन निर्धास्त, समोरून बाबागाडी ढकलत येणारी आई निर्धास्त. एवढ्या एका नियमाने जे साधतं त्यासाठी उरलेले जाचक नियम कशाला हवेत?

तिकडे 2022 मध्ये लखनौला एका वृद्ध शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, ते तुमच्या लक्षात असेल. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदीचं पत्रक काढलं आणि पुढच्याच महिन्यात ते न्यायालयात टिकलं नाही. इथल्या ओळखीचे लोक भारतातल्या कुत्र्यांविषयी बोलू लागले की मी चिडते. गल्लीतल्या कुत्र्याचे कान आणि शेपटी वाचायला आपण आपोआप शिकतो, इथल्या अनेक मुलांना ते येत नाही, हे मी ठासून सांगते. रेबीजचा विषय निघाला की मात्र मला गप्प बसावं लागतं, कारण तिथे आपण माणसं गमावतो आणि ती वाचवता येण्यासारखी असतात.

ब्रिटनमध्ये पूर्वी कुत्रा पाळायला लायसन्स लागायचं. फी 37 पेन्स, आणि 1987 मध्ये ते रद्द झालं. मला वाटतं ते परत आणावं, सगळ्या जातींसाठी, नीट फी आणि मालकाला प्रशिक्षणाची सक्ती ठेवून. मी आमच्या खासदारांना तसं पत्र पाठवलं आहे. बेला सध्या बाईंच्या मुलीकडे आहे आणि दिवसांचा हिशेब ती मुलगी कॅलेंडरवर मांडते.

तिकडून भाच्याने विचारलंय, मावशी, पिटबुलचं पिल्लू मिळतंय, घेऊ का? दिवसभर ऑफिस, फ्लॅट छोटा, विकणारा त्याची आई दाखवायला तयार नाही. मी नको म्हणून कळवलं. आई न दाखवणाऱ्याकडून कुठलंच पिल्लू घेऊ नकोस, लॅब्रॅडोरसुद्धा नाही, हेही लिहिलं.