बिरच्या दोन भिंती आणि भोवरा दीर्घिका

आज बिर कॅसलच्या त्या दोन भिंतींबद्दल लिहून ठेवायचं आहे. आयर्लंडच्या मध्यभागी, ऑफली परगण्यात रॉस घराण्याचा हा वाडा आहे. त्याच्या बागेत उत्तर-दक्षिण रोखाने दोन समांतर दगडी भिंती आहेत: सुमारे ७० फूट लांब, ५० फूट उंच, मध्ये २३ फुटांची फट. माथ्यावर किल्ल्यासारख्या चर्या, अंगात टोकदार गॉथिक कमानी. पाहणाऱ्याला त्या वाड्याची शोभा वाटतात. खरं तर त्यांच्या मापावरच ठरत होतं की आकाशातलं काय दिसणार आणि किती वेळ.

रॉसचे तिसरे अर्ल (सरदार) विल्यम पार्सन्स, म्हणजेच लॉर्ड रॉस, यांनी या फटीत ७२ इंची आरशाची दुर्बीण टांगली. लाकडी नळी ५० फुटांहून लांब. वर-खाली ती हवी तशी फिरे, पण पूर्व-पश्चिम हालचाल भिंती अडवत. खगोलीय विषुववृत्तावरचा तारा जेमतेम तासभर हाती लागे. उत्तरेकडच्या तारका आकाशात सावकाश सरकतात, म्हणून त्यांना जास्त वेळ मिळे. एम ५१, म्हणजे भोवरा दीर्घिका, हिची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर) +४७ अंश, बिरचा अक्षांश ५३. म्हणजे ही दीर्घिका तिथे जवळजवळ डोक्यावरून जाते, खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) फक्त सहा अंशांवर. हवेचा थर सगळ्यांत पातळ, आणि हिशेबाने दीडेक तास सलग. १८४५ च्या एप्रिलमध्ये तिचे सर्पिल बाहू प्रथम दिसले, ते या जागी दिसले यात या भूगोलाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

आरसा काचेचा नव्हता. सुमारे दोन भाग तांबं, एक भाग कथील: चकचकीत पण काचेइतका ठिसूळ मिश्रधातू. वजन तीन टनांच्या घरात. भट्ट्या दलदलीतल्या पीटवर (कुजलेल्या वनस्पतींच्या जळणावर) पेटवल्या. साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या, घट्ट रचून केलेला, म्हणजे वायू फटींतून निसटतात आणि धातू तळाकडून आधी गोठतो. सगळीकडून एकदम गोठला तर आतल्या ताणाने तडा जातो. म्हणूनच ओतल्यावर आरसा भट्टीतच १६ आठवडे हळूहळू निववला. दमट हवेत तो काळवंडे आणि पुन्हा पॉलिश करताना पृष्ठभागाचा नेमका वक्र बिघडू शके. म्हणून आरसे दोन केले, एक दुर्बिणीत, दुसरा वाफेच्या यंत्रावर घासायला.

नव्या आरशातही सुमारे एक तृतीयांश प्रकाश वाया जाई. असं असून रॉस यांनी डोळ्याने पाहून, हाताने काढलेलं चित्र आजच्या छायाचित्राशेजारी ठेवलं तरी बाहूंचा पीळ आणि शेजारच्या लहान दीर्घिकेकडे गेलेला पट्टा ओळखू येतो. आकाशातले असे सर्पिल आकार म्हणजे जवळचे ढग आहेत की दूरच्या ताऱ्यांची वस्ती, याचा निकाल १९२० च्या दशकात लागला. पण त्या आकाराचं सौंदर्य निकालाआधीच कागदावर उतरलं होतं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

पुण्याहून हीच दीर्घिका उत्तरेला सुमारे ६१ अंश उंच येते. मे महिन्यातल्या अंधाऱ्या रात्री सप्तर्षींतल्या मरीची ताऱ्यापासून साडेतीन अंशांवर शोधावी. आठ इंची दुर्बिणीत दोन धूसर ठिपके नक्की दिसतात. बाहूंचा भास व्हायला १२ इंची आरसा आणि शहरापासून लांबचं आकाश लागतं.