आमची वाटचाल : कुपवाडचं बॅरल आणि निळी प्रत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली जुनी बॅरल विकत घेण्यापासून आमचा धंदा सुरू झाला. आज कुपवाड-मिरजेच्या कारखान्यांतलं वापरलेलं ऑइल, फॉस्फेटिंग टाकीतला (धातूवर फॉस्फेटचा थर देतात ती) गाळ, ईटीपीचा म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा स्लज असा घातक कचरा आम्ही उचलतो.

ओढ्याकाठी रात्रीतून बॅरल का ओतली जातात? आमच्या मते मूळ कारण आहे थोडा माल. घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. छोट्या युनिटकडे तेवढ्या काळात दोन-चार बॅरलच भरतात, आणि त्यासाठी रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रापर्यंत गाडी परवडत नाही. मग निम्म्या दरात उचलणारा टेम्पोवाला सापडतो. त्यानं वाचवलेला खर्च प्रक्रियेचाच असतो, आणि ओढ्यात गेलेला माल शेवटी कृष्णेत उतरतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा असलेल्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं. बरेच मालक तो अर्जच करत नाहीत, याचं वाईट वाटतं.

म्हणून आम्ही एका फेरीत अनेक युनिटं घेऊ लागलो. प्रत्येकाचा फॉर्म १०, म्हणजे मालासोबत जाणारं नोंदपत्र, वेगळा. मात्र सगळंच एका गाडीत चालत नाही : प्लेटिंगचा (धातूला मुलामा देण्याच्या कामातला) सायनाइडचा माल आणि ॲसिड एकत्र आले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, तो जीवघेणा. ॲसिडला एचडीपीईचं (जाड प्लॅस्टिकचं) बॅरल, लोखंडी सडतं. बॅरल काठोकाठ भरायचं नाही, उन्हात फुगतं. बूच घट्ट आणि वर छप्पर हवं, नाहीतर पावसाचं पाणी आत शिरतं आणि ऑइल घेणारा माल नाकारतो. लेबल पिवळं, त्यावर 'घातक कचरा' ही अक्षरं लाल.

फॉर्म १० च्या सात रंगांच्या सात प्रती असतात. आमच्या सहीची पिवळी प्रत कारखान्याकडे राहते. ती फक्त माल गेटबाहेर पडल्याचा पुरावा. निळी प्रत माल स्वीकारणाऱ्या केंद्राकडून कारखान्याला परत येते. बेकायदा टाकणाऱ्याकडून खरी निळी प्रत येणं शक्यच नाही. नुकसान झालं तर कारखानदारही जबाबदार धरला जातो, टेम्पोवाल्याला पैसे दिले होते या सबबीनं सुटका होत नाही. म्हणून कोणाकडूनही माल उचलवून घ्या, पण निळी प्रत हाती येईपर्यंत त्याचं पूर्ण बिल देऊ नका. हा नियम आमच्या बिलालाही लावा.