दूधसागर करावा का?

गोव्यात, फोंड्याला घर असलं की माणूस आपोआप पर्यटन खात्याचा बिनपगारी नोकर होतो. वर्षभर कुणी ना कुणी येतच असतं. कुणाचा मंगेशीला अभिषेक, कुणाला कवळ्याच्या शांतादुर्गेची ओटी भरायची, कुणाला नव्या सुनेला म्हार्दोळला म्हाळसेच्या पाया घालायचं. देवाचं उरकतं, जेवणं होतात, मंडळी पंख्याखाली पाय लांब करून बसतात आणि कुणीतरी विचारतंच, “वहिनी, उद्याचा दिवस मोकळा आहे. दूधसागर करावा का?”

मी लगेच हो-नाही म्हणत नाही. आधी त्यांचा मोबाइल मागते. कारण प्रत्येकाकडे एक फोटो असतो आणि तो एकच असतो. धबधब्याने डोंगराची अख्खी छाती पांढरी झालेली, मधोमध कमानींचा दगडी पूल, पुलावर आगगाडी आणि चहूकडे डोळे निवतील असं हिरवं. “हेच बघायचंय ना?” हेच. “मग हा फोटो जुलै-ऑगस्टमधला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तुम्हाला तिथे कुणी जाऊ देत नाही. आणि जाऊ देतात तेव्हा हे असं नसतं.”

मंडळींना वाटतं, वहिनींना उद्या सकाळी लवकर उठून डबे करून द्यायचा कंटाळा आलाय. तोही असतो. पण मी सांगते ते खरं आहे.

दूधसागर बारमाही नाही असं नाही, पण त्याचा सगळा थाट पावसाच्या जिवावर. गोवा-कर्नाटकाच्या हद्दीवर, भगवान महावीर अभयारण्यात, साधारण 310 मीटर उंचीवरून चार टप्प्यांत पाणी खाली येतं. आकड्यांत बोलायचं तर कर्नाटकातला जोग धबधबा 253 मीटरांचा, म्हणजे दूधसागर त्याच्यापेक्षा उंच. पण जोगचं पाणी सरळ कोसळतं, हा पायऱ्या उतरत येतो. वर घाटमाथ्यावर पाऊस धरला की तो फुगतो, पाऊस सरला की दिवसागणिक ओसरत जातो. आणि खालून तिथे जायची जी जीपची वाट आहे, ती नदीचं पात्र ओलांडत जाते. पूल नाहीत, पाण्यातूनच गाडी घालायची. म्हणजे धबधबा भरलेला असतो तेव्हा वाट पाण्याखाली, आणि वाट मोकळी होते तेव्हा धबधबा उतरणीला लागलेला. पावसाळ्यात जीप बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा एवढाच काय तो मधला काळ, जेव्हा पाणीही असतं आणि वाटही. तेव्हा कुणी विचारलं तर मी म्हणते, जा, पण शनिवार-रविवार सोडून. डिसेंबरात म्हणते, बघा बुवा तुमचं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलंबाळं घेऊन आलेल्यांना सरळ नको सांगते. तेव्हा काळा कातळ असतो आणि त्यावर दोन-चार पांढऱ्या रेघा.

त्या राजकन्येची गोष्ट गाइड सगळ्यांना सांगतात. तळ्यात आंघोळ करून ती सोन्याच्या घड्यातलं साखर घातलेलं दूध प्यायची. एकदा राजपुत्र झाडीतून बघतोय असं लक्षात आल्यावर सख्यांनी घड्यातलं दूध ओतून मध्ये पडदा धरला. गोष्ट ज्याने रचली त्याने धबधबा भर आषाढात पाहिलेला असणार. मे महिन्यात पाहिला असता तर राजकन्येची पंचाईत झाली असती.

तर जीप. फोंड्याहून सकाळी लवकर निघून मोलेमार्गे कुळे गाठायचं. पणजीहून निघालात तर साठेक किलोमीटरचा पल्ला. कुळ्याला जीपवाल्यांचा अड्डा आहे. तिथे रांग, तिकीट, वन खात्याची फी, लाइफ जॅकेट, आणि एका जीपमध्ये बसायला पुरेशी डोकी जमेपर्यंत थांबणं. मग एकदा निघालं की पुढचा पाऊण तास हाडं खिळखिळी होतात. मला विचाराल तर या सगळ्या उपद्व्यापातला सर्वांत चांगला भाग हाच. जीप नदीत उतरते, पाणी पायाशी येतं, पुढच्या सीटवरची माणसं ओरडतात, मागची मुलं त्यांच्याहून जोरात ओरडतात, आणि ड्रायव्हर मात्र जणू बाजारातून मासळी आणायला निघालाय इतका शांत. माझ्या भाच्याला परतल्यावर विचारलं, धबधबा कसा होता? तो अर्धा तास नदीतल्या जीपबद्दल बोलला. मी धबधब्याची आठवण करून दिली तेव्हा म्हणाला, “हो, तोपण होता.”

जीप थेट धबधब्याशी जात नाही. शेवटचा टप्पा दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून चालायचा. गुडघे दुखणाऱ्यांनी इथे नीट विचार करावा, कारण नेमकी हीच गोष्ट आदल्या रात्री कुणी सांगत नाही. माकडं हातातल्या पिशव्यांचा अंदाज घेत बसलेली असतात. बिस्किटाचा पुडा दिसला की तो त्यांचाच. पुढे डोह. मान वर करून बघितलं की खरोखर छान दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सुट्टीच्या दिवशी पाण्यापेक्षा नारिंगी लाइफ जॅकेटं जास्त दिसतात, आणि आपल्या जीपची परतायची वेळ ठरलेली असल्याने एक डोळा घड्याळावर. सकाळी अंधारात निघून दुपारी जेवायच्या वेळेच्याही पुढे घरी येणं, आणि त्यातला खरा धबधब्यापुढचा वेळ जेमतेम तासा-दीड तासाचा.

आणि कोल्हापूरकडून पावसात येणाऱ्या मंडळींची तर मला गंमतच वाटते. ती आंबोलीवरून उतरून आलेली असतात. घाटात दर वळणाला एक धबधबा, मोठ्या धबधब्याला तर पायऱ्या, शेजारी गरम भजी आणि भाजलेलं कणीस, गाडी रस्त्याकडेला लावली की झालं. हे सगळं वाटेत, न ठरवता मिळालेलं. त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. गोव्यात आल्यावर मात्र दुसऱ्या धबधब्यासाठी अख्खा दिवस मोडायची तयारी, कारण याचं नाव मोठं.

तरुण पोरांचा एक वेगळा गट असतो. त्यांना जुलैमधलाच दूधसागर हवा असतो आणि ते रुळांवरून चालत जायचं म्हणतात. पूर्वी बरेच जण जायचे. आता रेल्वेची सक्त मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे आणि पावसाच्या आवाजात मागून येणारी गाडी ऐकू न येणं. 2023 च्या जुलैत तिथे गेलेल्यांना रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ गावभर फिरले होते. माझ्या चुलत दिराच्या मुलाला मी तो व्हिडिओ दाखवला. दंड म्हटलं असतं तर त्याने भरला असता; उठाबशांची मात्र त्याला धास्ती बसली.

आता माझं खरं मत. भर पावसातला दूधसागर कायदेशीरपणे, जवळून आणि कोरड्या कपड्यांनी बघायची सोय आहे, फक्त ती दूधसागरला निघालेल्यांसाठी नाही. ती आहे मिरजेला, पुण्याला, हुबळीला निघालेल्यांसाठी. दुपारी वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, कुळे करत घाट चढते आणि त्याच पुलावरून जाते. फोटोतल्या गाडीत बसायचं, एवढंच.

हा घाट मला धबधब्याइतकाच आवडतो. कुळे ते कॅसलरॉक साधारण 26 किलोमीटर, आणि चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण रेल्वेला फार झालं. म्हणून कुळ्याला गाडीला जादा इंजिनं जोडतात. ती जोडताना गाडी थांबते, तेवढ्यात जाणकार मंडळी दाराजवळच्या जागा धरून ठेवतात. मग सोनावळी, दूधसागर, करंझोळ अशी छोटी छोटी स्टेशनं. बोगद्यात शिरलं की डब्यातली मुलं ठरल्यासारखी किंचाळतात. बाहेर आलं की धुकं. आणि एका वळणानंतर डब्यातली सगळी माणसं एकदम एका बाजूला गोळा होतात. तुषार खिडकीतून आत येतात, कुणाची तरी दशमी भिजते, आणि कुणी तक्रार करत नाही.

हा मार्ग 1880 च्या दशकात पोर्तुगीज अमदानीत बांधला गेला. मुरगाव बंदर ब्रिटिश मुलुखाशी जोडायचं होतं, माल वर-खाली न्यायचा होता. धबधबा दाखवणं कुणाच्या ध्यानीमनीही नसणार. उलट आखणी करणाऱ्या इंजिनिअरांना तो अडचणच वाटला असेल. घाट चढायचा, वाटेत हे एवढं पाणी आडवं, मग टाका त्यावर पूल. रूळ मीटर गेजचे होते, ते 1990 च्या दशकात ब्रॉडगेज झाले. मधल्या काळात शेजारी दुसरा रूळ टाकायचं ठरलं, तेव्हा मोलेच्या जंगलासाठी 2020 मध्ये गोव्यातली माणसं मोठ्या संख्येने उठली, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. रूळ एकेरी असल्याने समोरून गाडी यायची असली की आपली गाडी बाजूला थांबते. डब्यातले लोक रेल्वेला नावं ठेवतात. मी जंगल बघत बसते.

म्हणून पुण्या-मिरजेच्या पाहुण्यांना मी म्हणते, येताना हवं तर गाडी करून या, पण पावसात आलात तर जाताना रेल्वेने जा. उद्याचा दिवस मोकळा असेल तर तो तांबडी सुर्ल्याला द्या. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे, त्याच जंगलाच्या कुशीत, शेजारून ओढा वाहतो, आणि शनिवार-रविवारीही तिथे स्वतःचा आवाज ऐकू येतो. धबधबाच हवा असेल तर साखळीजवळ हरवळ्याला जा. रुद्रेश्वराच्या देवळाशेजारी गाडी लावायची, पायऱ्या उतरायच्या, बघायचं, परत यायचं. लेणीही तिथेच जवळ. आजीला घेऊन जाता येतं. दूधसागरसारखा तो उंच नाही, पण कुणी तुम्हाला घड्याळ दाखवत नाही.

आमच्या ह्यांचं यावर वेगळंच म्हणणं आहे. दूधसागरची नदी पुढे खांडेपार नदी होते आणि मांडवीला मिळते. खांडेपारवर ओप्याला पाण्याचा प्रकल्प, तिथून फोंड्याला आणि पणजीला नळाचं पाणी. “कशाला जायचं तिकडे? तोच येतो की रोज स्वयंपाकघरात,” असं ते पाहुण्यांना सांगतात आणि चहाचा कप पुढे करतात. पाहुणे हसतात. सकाळी नळाला पाणी आलं नाही की कुणी हसत नाही. पण मांडवीलाच वरच्या भागात म्हादई म्हणतात; तिला मिळणाऱ्या कळसा नाल्याचं पाणी कर्नाटक वळवणार म्हटल्यावर म्हादईसाठी इथली साधी, कधी घराबाहेर न पडणारी माणसंही का चिडतात, ते या चहाच्या कपावरून नव्या माणसाला समजावून सांगता येतं. त्यासाठी नकाशा काढावा लागत नाही.

या सगळ्यात मला एक शिष्य मिळाला होता. मिरजेचे मामा. दरवर्षी श्रावणात एकदा रामनाथीला येतात आणि परतताना गोवा एक्सप्रेसच घेतात. गेल्या खेपेला निघताना मी त्यांना पुन्हा सगळं नीट समजावलं: कुळ्याला इंजिन जोडतील, तिथे जागे व्हा, दूधसागर स्टेशनच्या पाटीवर लक्ष ठेवा. त्यांनी मान डोलावली. दुपारी जेवायला उडदमेथी होती, वर सोलकढीच्या तीन वाट्या झाल्या. रात्री पोचल्याचा फोन आला.

“मामा, पाणी कसं होतं?”

“कुठलं?”

“दूधसागरचं!”

“अगं, कुळ्याला इंजिन जोडल्याचा धक्का बसला तेवढं आठवतंय. मग लोंढ्याला चहावाल्याने उठवलं.” थोडं थांबून म्हणाले, “उडदमेथी मात्र झकास झाली होती हो.”

तेव्हापासून गोवा एक्सप्रेसने जाणाऱ्यांना मी आमच्याकडे दुपारी फक्त पेज आणि लोणचं वाढते.