घड्याळावरचा चरा

शनिवार, रात्री

धाकट्या बहिणीनं रिव्हर्सो घड्याळ घेतलं. जेजर-लकूल्त्रचं, पोलादी, एकाच बाजूला डायल असलेलं साधं मॉडेल. स्वतःच्या कमाईतून, स्वतःसाठी, कुणाला न विचारता. मला त्याचाच आनंद जास्त झाला. संध्याकाळी दाखवायला आली तेव्हा घड्याळ मनगटावर नव्हतं. पर्समध्ये डबी, आणि डबी मऊ रुमालात गुंडाळलेली.

"दादा, याला पारदर्शक फिल्म मिळते. पुढून, मागून, कडेनं, सगळीकडून लावून देतात. लावून घेऊ का? तू एवढी वर्षं टूलरूममध्ये काढलीस, तुला धातूतलं कळतं. तू सांग."

सवडीनं सांगतो म्हणालो. तिला नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही, कारण द्यायला हवं. एवढे पैसे घालून आणलेल्या वस्तूवर पहिला चरा पडतो तेव्हा पोटात कालवतं. ती भावना खरी आहे, तिला कुणी हसू नये.

पण तिनं घेतलंय ते नेमकं रिव्हर्सो, म्हणून आधी त्याचीच हकीकत लिहितो. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानातले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळत. चेंडूचा नाहीतर काठीचा फटका मनगटावर बसला की घड्याळाची काच जायची. सेझार द त्रे नावाचा स्विस घड्याळव्यापारी तेव्हा इकडे आला होता. त्याच्यापाशी त्यांनी गाऱ्हाणं मांडलं, की हा खेळ सोसेल असं घड्याळ द्या. त्यानं ते जाक-दाविद लकूल्त्रच्या कानावर घातलं. तोड काढली ती रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्यानं. घड्याळाची पेटी एका चौकटीत बसवायची. खेळायच्या वेळी ती बाजूला सरकवून जागच्या जागी उलटायची, की काच आत जाते आणि पोलादी पाठ बाहेर येते. ४ मार्च १९३१ ला पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला.

मला यातलं डोकं फार आवडतं. फटका बसणार हे शोव्होनं गृहीत धरलं आणि तो कुणी खायचा एवढं ठरवलं. काचेनं नाही, पोलादानं. बहिणीच्या घड्याळाची पाठ आज आरशासारखी चकचकीत आहे, तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा उठून दिसतो. पण मुळात ती मार खाण्यासाठीच नेमलेली बाजू आहे. आणि तीच फिल्मखाली झाकायची म्हणते.

रविवार, दुपार

आमच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं-साच्यांच्या विभागात, अचूक माप ताडायच्या स्लिप गेजचा संच आहे. पोलादाच्या छोट्या आयताकृती ठोकळ्या, इतक्या सपाट की दोन एकमेकींवर नीट घासून दाबल्या तर चिकटून राहतात. त्यांना उघड्या हातानं शिवत नाहीत, काम झालं की पुसून पेट्रोलियम जेलीचा हात देऊन लाकडी पेटीत ठेवतात. त्यांच्यावर चरा पडला तर तो आम्हाला खरोखर लागतो, कारण त्या ठोकळीचं सगळं काम तिच्या पृष्ठभागावर आहे. त्याच टेबलावर बेंच व्हाइसही असतो, काम पकडून ठेवणारा शिकंजा. त्याच्या अंगावर हातोड्याच्या, फाइलच्या खुणा आहेत, आणि त्याचं काहीही बिघडत नाही. जबडे सरळ असले, स्क्रू नीट फिरला, की तो उत्तम.

घड्याळाकडेही मी असंच बघतो. कोणता पृष्ठभाग काम करतो? काच करते. मागचं झाकण जिथं गॅसकेटवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, बसतं ती कडा करते. चावी आणि तिची नळी करते, आतली चाकं आणि तेल तर करतातच. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, बाजूची चमक डोळ्यांना सुख देते. तेही मोलाचं आहे, पण वेळ दाखवायला तिची गरज लागत नाही. जपणूक आधी कुठं खर्च करायची, ते यावरून ठरवावं.

आता चऱ्याबद्दल. टेबलाच्या कडेला घासून पोलादावर जो बारीक चरा पडतो, त्यात धातू बहुतांशी नाहीसा होत नाही, सरकतो. मधे चर पडते आणि दोन्ही काठांना बारीक वरंबा उठतो. भिंगाखाली हे स्पष्ट दिसतं. पण तो चरा काढायला तुम्ही बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावलात की वरंबा जातोच, शिवाय चरीच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणावा लागतो. दिसेनासा झाला म्हणून लोक खूश होतात. प्रत्यक्षात चऱ्यानं जे नेलं नव्हतं ते पॉलिशनं नेलं. हे दर सर्व्हिसिंगला होत राहिलं तर पट्टा धरणाऱ्या टोकांच्या कडा गोल होतात, झाकणाच्या कडेशी असलेली धार मरते, जिथं ब्रश केलेला भाग आणि चकचकीत भाग एका रेषेवर भेटतात तिथली रेष पुसट होते. ऑडेमार्स पिगेच्या रॉयल ओकचं, १९७२ च्या त्या जेराल्ड जेंताच्या घड्याळाचं, सगळं रूप त्या रेषेवर उभं आहे. ती गेली की उरतं ते वितळल्यासारखं दिसणारं पोलाद.

दुसरी गोष्ट, जी फार कमी लोक लक्षात घेतात. स्टेनलेस पोलादाला स्वतःची फिल्म असतेच. घड्याळांत सर्रास वापरतात त्या ३१६एल पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. हवेशी गाठ पडली की त्याचा अतिशय पातळ ऑक्साइड थर पृष्ठभागावर तयार होतो आणि तोच गंजापासून राखतो. चरा पडला तर तो तिथं तुटतो, आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की लगेच पुन्हा भरून येतो. जखम आपोआप बुजते, फक्त व्रण दिसत राहतो. या थराला मारक काय, तर हवा न पोचणारी फट आणि तिच्यात अडकलेलं मीठ. घामात मीठ असतं. जुनी घड्याळं उघडली की गॅसकेटच्या खाली, झाकणाच्या आत असे खड्डे पडलेले सापडतात. बाहेरून केस सुरेख, आतून कुरतडलेली. मग फिल्मची कड जिथं किंचित उचलली जाते आणि मे महिन्याचा घाम तिथं शिरतो, तिथं आपण काय तयार करतोय? तशीच एक फट.

रिव्हर्सोच्या बाबतीत आणखी एक. पेटी आणि चौकट यांच्यात जागा अगदी थोडी असते. उलटताना पाठ त्या फटीतून जाते. तिथं फिल्मचा जादा थर आणि तिच्या चिकट कडेला धरलेली धूळ नको. उलट ती फट मोकळी ठेवावी, अधूनमधून हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवावी. सरकवताना खरखर लागली तर जोर न लावता थांबावं, कारण तो आवाज धुळीच्या कणाचा असतो.

बुधवार

आज साइटवर जाताना मोटारीतल्या धुळीकडे बघून आठवलं. पुण्यात गेली कित्येक वर्षं कुठं ना कुठं बांधकाम चालूच आहे, आणि उडणाऱ्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणाच्या मोहस मापावर ७, पोलाद त्याहून मऊ. म्हणजे सकाळी घड्याळ कोरड्या फडक्यानं प्रेमानं पुसणारा माणूस त्याला रोज बारीक पॉलिश पेपर मारत असतो. चरे टाळायचे असतील तर सर्वांत स्वस्त उपाय हा: आधी धूळ पाण्यानं जाऊ द्या, मग पुसा. माझं घड्याळ, ओमेगाचं स्पीडमास्टर, ५० मीटर खोलीच्या पाण्याचा दाब सोसेल अशा मापाचं आहे, गॅसकेट तपासलेली आहेत, म्हणून ते मी चावी आत आहे ना हे बघून कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि मऊ टूथब्रशनं धुतो. ब्रेसलेटच्या पिनांशी साचलेला काळा मळ निघतो. तो मळ म्हणजे घाम आणि धुळीची ग्राइंडिंग पेस्टच. जुनी ब्रेसलेटं लोंबकळतात ती या पेस्टनं पिना खाल्ल्यामुळे. बहिणीच्या घड्याळावर ३० मीटर लिहिलेलं असलं तरी ते प्रयोगशाळेतल्या दाबाचं माप आहे. पोहणं, आंघोळ नाही. त्याला कातडी पट्टाही आहे, तिथं ओलसर फडकं पुरे.

काचेचं वेगळं. हल्लीच्या महागड्या घड्याळांत नीलमणी काच असते, मोहसवर ९. तिला रोजच्या वापरात चरा जवळजवळ पडतच नाही. पण कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापायच्या हत्याराची कार्बाइडची टिप पोलाद कापते आणि हातातून फरशीवर पडली तर टवका उडतो, हे टूलरूममधल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. स्पीडमास्टरला हेसलाइटची काच होती, म्हणजे एक प्रकारचं ॲक्रिलिक प्लास्टिक. भिंतीला घासली तरी चरा. पण फुटली तर तिचे तुकडे उधळत नाहीत, आणि अंतराळयानाच्या बंद खोलीत तरंगणारी काच कुणालाच नको होती. १९६५ मध्ये नासानं हे घड्याळ मानवी उड्डाणांसाठी पात्र ठरवलं. १९६९ च्या जुलैत ऑल्ड्रिनच्या हातावर ते चंद्रावर उतरलं. जगातल्या सर्वांत नाजूक कामासाठी निवडलेल्या घड्याळाला सहज चरे पडणारी काच होती, हे मी बहिणीला सांगणार आहे.

संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या एका गल्लीतल्या ओळखीच्या घड्याळजींकडे थोडा वेळ बसलो. त्यांनी ड्रॉवरमधून दोन सोवार प्राइमा काढून माझ्या तळहातावर ठेवली, वेस्ट एंड कंपनीची जुनी मनगटी घड्याळं. एकाच नमुन्याची, साधारण एकाच वयाची. एकावर चरेच चरे, पण पाठीवरचं कोरलेलं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. दुसरं गुळगुळीत, आणि अक्षरं बोटानं चाचपावी लागत होती. "हे चकचकीत घ्या म्हणतात गिऱ्हाइकं," ते म्हणाले. "मी त्यांना दुसरं दाखवतो. साहेब, कोपरे एकदा गेले की कुणी परत आणून देत नाही." त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती मला पटली.

विकताना किंमत कमी येईल, हा बहिणीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. नव्या मॉडेलांच्या बाजारात बिनचऱ्याच्या घड्याळाला जास्त पैसे मिळतात, हे खरंच आहे. ज्यानं गुंतवणूक म्हणून घेतलं त्यानं डबीत ठेवावं. जुन्यांच्या बाजारात मात्र पॉलिश न झालेल्या केसला मान आहे. आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कला फिलिप्सच्या लिलावात पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेलं. ते घालून तो नट मोटारी पळवायचा. पाठीवर बायकोनं कोरून घेतलं होतं, जपून चालव म्हणून. किंमत त्या वापराची आली. अर्थात आपण कुणी न्यूमन नाही, पण बहिणीनं घड्याळ विकायला घेतलेलंच नाही. तिनं ते मीटिंगला, लग्नाला, प्रवासात घालायला घेतलंय.

गुरुवार, उशिरा

फोनवर सगळं सांगितलं. तिनं मधे फार प्रश्न विचारले, चांगले विचारले. मुलामा दिलेल्या घड्याळाचं काय? तिथं मी जपायला सांगतो, कारण चरा मुलाम्याच्या खाली गेला की आतला धातू उघडा पडतो आणि तो भरून येत नाही. काळ्या कोटिंगचंही तसंच. सोनं मऊ, ठोकरेनं पोचा येतो, म्हणून जड कामात काढून ठेवावं. पण तेही फिल्मनं नव्हे, हाताच्या सवयीनं.

"आणि बांगड्या?" ती म्हणाली. हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता, बाईच्या मनगटाचा तो रोजचा प्रश्न आहे. तिच्या डाव्या हातात आईची पाटली असते. पाटली दिवसभर केसच्या कडेवर आपटणार. पोलादाला बारीक चरे पडतील, पण खरं नुकसान पाटलीचं, कारण सोनं पोलादापेक्षा मऊ. तेव्हा दोन्ही एका हातात नकोत, आणि ते घड्याळासाठी नाही, आईच्या पाटलीसाठी. तिला हे एकदम पटलं. घड्याळ उजव्या हातात घालून बघते म्हणाली.

फिल्म लावणार नाही, हे तिनं स्वतःच ठरवलं. पाठीवर काहीतरी कोरून घ्यायचा विचार आहे. फार छान होईल. ती कोरी पोलादी पाठ बघून लोकांनी फार पूर्वीपासून तिच्यावर आद्याक्षरं आणि घराण्याची चिन्हं कोरून घेतली आहेत. तिला देवनागरी अक्षरं हवीत. यंत्रावर कोरलेल्या वेलांट्या कशा येतील कोण जाणे, हातानं कोरणारा कारागीर शोधायला हवा.

माझं स्पीडमास्टर शनिवारी सर्व्हिसिंगला देतोय. पावसाळ्याच्या आत गॅसकेट बदलून व्हायला हवीत, हा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा खर्च आहे. पावतीवर तीन ओळी लिहून घेणार: गॅसकेट नवी, दाबाची चाचणी करून द्यावी, केस व ब्रेसलेट पॉलिश करू नये. काच बदलू का, असं ते नक्की विचारतील, कारण हेसलाइटवर आडवे चरे दिसतात. नको म्हणणार. तिच्या मध्यभागी ओमेगाची अगदी बारीक खूण आहे, भिंगानंच दिसणारी, आणि चरे वरवरचे आहेत. ॲक्रिलिकच्या पॉलिशची ट्यूब घरात आहे, घड्याळ परत आलं की काच मीच घासेन.